प्राचीन मेसोअमेरिकन दगडी मुखवटे : पारख, कागदपत्रं आणि संग्रहाचा प्रश्न

कातळवाट

मेक्सिको-ग्वाटेमालातल्या प्राचीन दगडी मुखवट्यांबद्दल अधूनमधून विचारणा होते. अमेरिका-युरोपातल्या मंडळींना इस्टेट सेलमध्ये किंवा ऑनलाइन लिलावात एखादा हिरवट, जड, पोकळ डोळ्यांचा चेहरा दिसतो, किंमत आवाक्यातली वाटते आणि घाईत सल्ला मागितला जातो. बोली संपायला दोन तास उरले असताना धड काही सांगता येत नाही. म्हणून सगळं या धाग्यात एका जागी लिहू या.

माझं मत आधीच सांगतो. कागद आधी, दगड नंतर. तो तुकडा १९७२ च्या (म्हणजे त्या वर्षीच्या मेक्सिकन कायद्याच्या) आधीच मेक्सिकोबाहेर होता हे दाखवणारा पुरावा नसेल, तर तो अस्सल असला तरी घेऊ नये.

आता ओळख. ओल्मेक या प्राचीन संस्कृतीचे मुखवटे इ.स.पू. १२०० ते ४०० च्या दरम्यानचे, वेराक्रूझ-ताबास्कोच्या आखाती किनाऱ्याकडचे. जेडाइट किंवा तत्सम कठीण हिरवा दगड, खाली वळलेले ओठांचे कोपरे, जाड वरचा ओठ. तेओतिवाकान या मध्य मेक्सिकोतल्या प्राचीन शहराचे साधारण इ.स. २०० ते ६०० चे: रुंद चेहरा, वर सरळ कापल्यासारखं सपाट कपाळ, आयताकृती कान, किंचित उघडं तोंड, शिंपला आणि ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काळी काच) किंवा पायराइट (सोनेरी चमकीचं लोहखनिज) बसवण्यासाठी कोरलेल्या डोळ्यांच्या खाचा. मेझकाला म्हणजे गेरेरोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातले. चारदोन तिरक्या पृष्ठांमध्ये अख्खा चेहरा उभा केलेला असतो. माया मुखवटे बहुधा अखंड दगडाचे नसून जेडच्या तुकड्यांचे जडावकाम असतात. पालेंके या माया शहराच्या पाकाल राजाचा मुखवटा सगळ्यांनी फोटोत पाहिला असेल. पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस यांनी १९५२ मध्ये पाकालचं थडगं उघडलं.

तेओतिवाकानचे मुखवटे तोंडावर घालायचे नव्हतेच. डोळ्यांना आरपार भोकं नाहीत, वजन काही किलो. कडेच्या भोकांवरून ते लाकडासारख्या नाशवंत सांगाड्यावर बांधले जात असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे विक्रेता ‘मृताच्या चेहऱ्यावरचा मुखवटा’ म्हणत असेल तर पहिला प्रश्न: कोणत्या उत्खननात तसा सापडला? तेओतिवाकानला थडग्यात मृताच्या चेहऱ्यावर असे मुखवटे मिळाल्याचा आधार फार तुटपुंजा आहे.

आणि जुने मुखवटे जमवण्याची हौस आजची नाही. मेशिकांची (अ‍ॅझ्टेकांची) राजधानी तेनोच्तित्लान, म्हणजे आजची मेक्सिको सिटी, तिथल्या तेम्प्लो मायोर मंदिरात, २० क्रमांकाच्या अर्पणसाठ्यात, जेमतेम १० सेमी उंचीचा ओल्मेक मुखवटा मिळाला. मेशिकांनी तो पुरला तेव्हाच तो दोन हजार वर्षं जुना होता. त्याच मंदिरात मेझकाला मुखवटे आणि मूर्तीही शेकड्यांनी मिळाल्या.

गारगोटी

छान सुरुवात. मी दगडाबद्दल लिहिते, कारण ‘जेड’ या एका शब्दाखाली बाजारात काहीही खपतं.

मेसोअमेरिकेत खरा जेड म्हणजे जेडाइट, आणि त्याचा ज्ञात स्रोत एकच: ग्वाटेमालातलं मोताग्वा नदीचं खोरं. नेफ्राइट, म्हणजे चिनी कामात सर्रास दिसणारा जेड, तिथल्या प्राचीन कामात मिळत नाही. चाचणीत नेफ्राइट निघाला तर पुढे पाहण्याची गरज उरत नाही.

तेओतिवाकानचे बरेच मुखवटे जेडचे नसतातच. सर्पेंटाइन, लिस्टव्हेनाइट, टेकाली (पट्ट्यापट्ट्यांचा ट्रॅव्हर्टाइन, विक्रेते त्याला ‘ऑनिक्स’ म्हणतात) हे तिथले नेहमीचे दगड. मेझकालाला अँडेसाइट, डायोराइटसारखे खडक आणि सर्पेंटाइन.

घरी करता येण्यासारखी आणि दगडाला ओरखडा न पाडणारी चाचणी म्हणजे विशिष्ट गुरुत्व. एक ग्रॅमपर्यंत अचूक काटा, खाली हूक असलेला, बारीक नायलॉनचा दोरा आणि पाण्याची बादली. आधी हवेतलं वजन, मग पूर्ण बुडवून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पाण्यातलं वजन. हवेतलं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक. समजा हवेत ८४२ ग्रॅम आणि पाण्यात ५१८: फरक ३२४, उत्तर २.६०. म्हणजे सर्पेंटाइन असू शकतो, जेडाइट नाही. तोच तुकडा पाण्यात ५८९ भरला असता तर उत्तर ३.३३ आलं असतं, म्हणजे जेडाइटच्या पट्ट्यात. मोताग्वाच्या दगडात अल्बाइट हे हलकं खनिज मिसळलेलं असेल तर आकडा ३ च्या खालीही येतो, त्यामुळे ‘३.३ नाही म्हणून खोटा’ असा निष्कर्ष काढू नका. पृष्ठभागाला चिकटलेले हवेचे बुडबुडे मऊ ब्रशनं काढा, नाहीतर आकडा कमी येतो.

ही चाचणी कधी करायची नाही: पृष्ठभागावर लाल रंग दिसत असेल, खाचांत जुनी माती असेल, डोळ्यांतला शिंपला किंवा पायराइट शिल्लक असेल, कुठे जोडकाम दिसत असेल किंवा दगड सच्छिद्र असेल. खाचांतली माती हाच कधीकधी एकमेव पुरावा असतो आणि तो बादलीत विरघळून जातो.

वेताळटेकडी

योग्य वेळी धागा निघाला. एका ऑनलाइन लिलावात (जर्मनीतला विक्रेता) सध्या असं वर्णन आहे: ‘तेओतिवाकान शैली, हिरवा दगड, उंची १८ सेमी, युरोपातील जुना खासगी संग्रह, थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचं प्रमाणपत्र सोबत.’ समोरून काढलेले तीन फोटो आहेत. जाणकारांनी मत द्यावं.

कातळवाट

@वेताळटेकडी, वर्णनातल्या तीन गोष्टी खटकतात.

थर्मोल्युमिनेसन्सनं मातीची वस्तू शेवटची कधी भाजली गेली ते कळतं. कोरलेला दगड भट्टीत जात नाही, त्यामुळे कोरण्याचा काळ या चाचणीतून निघूच शकत नाही. रेडिओकार्बनही दगडाला लागू नाही. चिकटलेला सेंद्रिय अंश असेल तर तेवढ्याचाच काळ मिळतो. दगडी मुखवट्याला हे प्रमाणपत्र जोडणाऱ्याला विषय कळत नाही, किंवा घेणाऱ्याला कळत नाही यावर त्याचा भरवसा आहे.

‘शैली’ हा शब्द लिलावाच्या भाषेत काळाची हमी टाळण्यासाठी असतो. अटींमध्ये वाचा, ‘शैली’ म्हटलेल्या वस्तूवर परतावा मिळत नाही असं बहुधा लिहिलेलं सापडेल.

‘जुना खासगी संग्रह’ म्हणजे माहिती शून्य. कोणाचा, कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कुठे छापला गेला? हे चार प्रश्न ईमेलनं विचारा आणि सोबत पाठीमागच्या बाजूचे, कडेच्या भोकांचे आणि तिरप्या उजेडातले फोटो मागा. नुसत्या समोरच्या फोटोवर कोणीही जाणकार मत देणार नाही.

सामता

मागची बाजू आणि भोकं, खरी गोष्ट तिथेच आहे. चेहरा सगळे नकलाकार मन लावून करतात.

तेओतिवाकान किंवा ओल्मेक कारागिरांकडे धातूची हत्यारं नव्हती. दगड कापायचा तो दोरीनं किंवा दगडाच्या पातळ पट्टीनं, मध्ये वाळू, गारगोटीची किंवा जेडचीच पूड आणि पाणी घालून. भोक पाडायचं ते हाताच्या तळव्यांत किंवा धनुकलीनं फिरवलेल्या काठीनं, आपल्या सुताराचा सामता फिरतो तसं. मोठ्या गोलासाठी पोकळ वेत किंवा पक्ष्याचं हाड: त्यानं कडेनं गोल चर पडतो, मधला गाभा मागाहून तोडून काढतात.

म्हणून दहापट भिंग आणि एक छोटी टॉर्च घ्या आणि टांगण्याच्या भोकात आडवा उजेड टाका. अस्सल भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं असतं. तोंडाशी रुंद, आत निमुळतं, आणि दोन शंकू जिथे भेटतात तिथे एक कड राहते. दोन्ही शंकूंचा अक्ष सहसा नेमका जुळत नाही, त्यामुळे ती कड एका बाजूला झुकलेली दिसते. आतल्या भिंतीवर गोल गोल चरे असतात, पण त्यांची जाडी आणि अंतर असमान, कारण पुडीचे कण लहानमोठे होते. शिवाय भोकाची कड दोरीच्या घर्षणानं एका दिशेला गुळगुळीत झालेली असू शकते. उलट, विजेच्या ड्रिलनं पाडलेलं भोक वरपासून खालपर्यंत एकाच व्यासाचं, भिंतीवर समांतर रेघा, आणि बाहेर पडताना टवका उडालेला.

तोंडाचे कोपरे आणि नाकपुड्याही पाहा. ओल्मेक कामात कोपऱ्यांत आधी गोल खड्डे पाडून मग मधला भाग घासून जोडलेला असतो. त्या खड्ड्यांचा अर्धचंद्र बऱ्याचदा उरतो. फिरत्या चकतीनं केलेल्या नकलेत हाच भाग सुरुवातीला उथळ, मध्ये खोल, शेवटी पुन्हा उथळ असा नावेच्या तळासारखा होतो आणि चर कोपऱ्याच्या पुढे जरासा निसटलेला असतो.

याहून पुढचं काम प्रयोगशाळेचं. पृष्ठभागाचा सिलिकोनचा ठसा घेऊन तो स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या जेन वॉल्श आणि ब्रिटिश म्युझियमच्या मार्गारेट सॅक्स यांनी स्फटिकाच्या प्रसिद्ध कवट्या याच रीतीनं तपासल्या आणि त्या फिरत्या चकत्यांनी केलेल्या, आधुनिक ठरवल्या. मेक्सिकोत एमिलियानो मेल्गार यांनी तेम्प्लो मायोरच्या प्रकल्पात उलट बाजूनं काम केलंय. वाळू, चकमक, ऑब्सिडियन, अँडेसाइट यांनी स्वतः दगड घासून, कापून, भोकं पाडून प्रत्येकाची खूण कशी दिसते याचा संच तयार केला आणि मग मूळ वस्तूंच्या खुणा त्याच्याशी ताडून पाहिल्या. टेकालीसारख्या सच्छिद्र दगडावर मात्र सिलिकोनचा ठसा घरी घेऊ नका, तेलकट डाग पडतो तो निघत नाही.

नीरव

वरच्या माहितीत भर म्हणून: हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं) आता बऱ्याच ठिकाणी भाड्यानं मिळतं आणि विक्रेते त्याचा कागद जोडतात. त्या यंत्राला हलकी मूलद्रव्यं नीट दिसत नाहीत. जेडाइटची ओळख सोडियमवर, आणि नेमका सोडियमच त्याला दिसत नाही. खनिज ओळखायला रामन वर्णपट (लेसरचा प्रकाश टाकून घेतलेला) हवा. जेडाइटची शिखरं ३७५, ७०० आणि १०४० सेमी⁻¹ च्या आसपास येतात. तोही दगड कोणता एवढंच सांगतो. दगड लाखो वर्षांचा असतोच, कोरीवकाम कालचं असू शकतं.

गारगोटी

@नीरव, हाच मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. सगळ्यात अवघड प्रकार तिथूनच निघतो: जुना साधा दगड, नवा चेहरा. गेरेरोत प्राचीन कुऱ्हाडीची पाती आणि अर्धवट घडवलेले तुकडे पुष्कळ. त्यातला एखादा घेऊन त्यावर डोळे-तोंड कोरलं की पाठ खरी, वजन खरं, दगड खरा, कडेची झीजही खरी. ओळखायचं कसं, तर झिजेचा क्रम पाहायचा. जुन्या पृष्ठभागावरचा थर डोळ्याच्या खाचेच्या काठाशी अचानक तुटतो का? खाचेच्या आतला दगड बाहेरच्यापेक्षा ताजा, वेगळ्या रंगाचा दिसतो का? खरं काम असेल तर उंचवटा, खाच आणि जुना टवका या तिन्हींवर काळ सारख्याच रीतीनं बसलेला असतो.

थर बनवण्याच्या युक्त्या ठरलेल्या आहेत: लाखेत कालवलेली माती, बुटाचं पॉलिश, पोटॅशियम परमँगनेट, आम्लात बुडवणं. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा अंधारात धरा. लाख नारिंगी चमकते, आजचे बरेच गोंद निळसर पांढरे. आम्लात बुडवलेला सर्पेंटाइन सगळीकडे एकसारखा निस्तेज होतो. जमिनीत पडलेला दगड असा एकसारखा कधी बदलत नाही, खालची बाजू आणि वरची बाजू वेगळी असते. टेकालीवर मुळांनी खाल्लेल्या नागमोडी रेषा असतील तर त्या खाचेत उतरून पुन्हा वर चढतात का ते पाहा. रंगवलेल्या रेषा खाचेपाशी थांबतात. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो देऊ नका, घेऊ नका. थर खरा असेल तर त्याला इजा होते.

नोंदवही

कागदांची बाजू मी मांडतो, कायद्यासकट.

मेक्सिकोनं पुराणवस्तूंच्या निर्यातीवर बंदी पहिल्यांदा घातली १८२७ मध्ये. १८९७ च्या कायद्यानं पुरातत्त्वीय अवशेष राष्ट्राची मालमत्ता ठरवले. ६ मे १९७२ ला प्रसिद्ध झालेल्या कायद्यानं शंकाच ठेवली नाही: जमिनीतली असो की कपाटातली, प्रत्येक प्राचीन वस्तू राष्ट्राची. मेक्सिकोत राहणारा माणूस इनाह या पुरातत्त्व संस्थेकडे नोंद करून ताबा ठेवू शकतो, विकू शकत नाही, देशाबाहेर नेऊ शकत नाही. ग्वाटेमालाचा असा कायदा १९४७ चा. अमेरिकेत १९७० च्या दशकातल्या मॅक्लेन खटल्यात वरच्या न्यायालयानं १९७२ चा मेक्सिकन कायदा पुरेसा स्पष्ट मानला. म्हणजे त्यानंतर तिथून काढलेली वस्तू अमेरिकन कायद्यापुढे चोरीचा माल ठरू शकते, तुम्ही रोख पैसे मोजून पावती घेतली असली तरीही. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १४ नोव्हेंबर १९७० चा. अमेरिकेतली बहुतेक मोठी संग्रहालयं तीच मर्यादा धरतात, म्हणून पुढेमागे दान करायचं म्हटलं तरी कागद लागतोच.

युरोपात नवीन गोष्ट: २०१९ च्या ८८० क्रमांकाच्या नियमानुसार २८ जून २०२५ पासून २५० वर्षांहून जुनी, युरोपीय संघाबाहेर निर्माण झालेली किंवा सापडलेली पुरातत्त्वीय वस्तू युरोपीय संघात आणायला आयात परवाना लागतो. किमतीची खालची मर्यादा नाही. शंभर युरोचा मुखवटाही त्यात आला.

कागद तपासायच्या रीती:

अमेरिकन पावतीवर पाच आकडी झिप कोड असेल तर ती जुलै १९६३ नंतरचीच. नऊ आकडी असेल तर १९८३ नंतरची. जर्मन पत्त्यात पाच आकडी पिन १९९३ पासून, त्याआधी चार आकडी. फ्रान्समध्ये दहा आकडी फोन १९९६ पासून. कागद अतिनील दिव्याखाली निळा उजळला तर त्यात चकाकी देणारं रसायन आहे आणि ते दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कागदात नसतं. पावतीवरचं वर्णन ‘एक दगडी डोकं, मेक्सिको’ इतकंच असेल तर ती पावती कोणत्याही दगडाला जोडता येते. माप, दगडाचा रंग, ठळक टवका किंवा फोटो नसेल तर ती या वस्तूची पावती धरू नका. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे १९७२ आधीचा छापील कॅटलॉग, फोटोसह. दगडाची नक्षी आणि टवके फोटोशी ताडता येतात, आणि छापलेल्या कॅटलॉगच्या प्रती ग्रंथालयांतही असतात, त्यामुळे विक्रेत्यानं दाखवलेली प्रत स्वतंत्रपणे पडताळता येते.

वेताळटेकडी

विक्रेत्याचं उत्तर आलं. पाठीमागचे फोटो ‘सध्या उपलब्ध नाहीत’. पण मूळ पावती म्हणून स्कॅन पाठवलंय: म्युनिकच्या दुकानाची, मार्च १९६६, टाइप केलेली, ‘मेक्सिकन मुखवटा, हिरवा’. पत्त्यात पिन पाच आकडी आहे.

नोंदवही

मग पावती १९९३ नंतर बनवलेली आहे, १९६६ ची नाही. एवढं पुरे. बोली लावू नका आणि स्कॅन, जाहिरात, लॉट क्रमांक जपून ठेवा. लिलावाच्या संकेतस्थळावर तक्रारीची सोय असते तिथे हीच गोष्ट मुद्देसूद लिहा: तारीख आणि पिन जुळत नाही. त्यापलीकडे आरोप करू नका.

प्राजक्त_रॉटरडॅम

सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण एक वेगळं मत मांडतो. जुन्या संग्राहकांनी हे तुकडे जपले, छापले, प्रदर्शनांत मांडले, म्हणून तर आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतोय. १९६० च्या आधी घेतलेली, कागद असलेली वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात गेली तर नुकसान कोणाचं? सगळ्यांवर चोरीचा शिक्का मारणं योग्य नाही.

कातळवाट

@प्राजक्त_रॉटरडॅम, जुन्या कागदांची वस्तू आणि कालची चोरी एकाच मापानं मोजू नये, हे मान्य. कायदाही तसं मोजत नाही. पण नुकसान कोणाचं याचं उत्तर आहे: ज्ञानाचं.

तेओतिवाकानचे म्हणून जगभर जेवढे मुखवटे ओळखले जातात त्यांतले नोंदवलेल्या उत्खननातून आलेले फारच थोडे. २०११ मध्ये सूर्य-पिरॅमिडच्या तळाशी अर्पणसाठ्यात सुमारे ११ सेमीचा हिरव्या दगडाचा मुखवटा मिळाला तेव्हा ती एवढी मोठी बातमी झाली, त्याचं कारण हेच. बाकीच्यांची ‘शैली’ आपण बाजारातून आलेल्या तुकड्यांवरूनच ठरवली आहे. त्यात नकला मिसळल्या असतील, आणि त्या १९ व्या शतकापासून मिसळत आल्या आहेत (अमेरिकन पुरातत्त्वज्ञ विल्यम होम्स यांनी १८८६ मध्येच मेक्सिकन नकलांच्या व्यापाराबद्दल इशारा छापला होता), तर नकलेवरून ठरलेल्या लक्षणांनी आपण पुढच्या नकलेला अस्सल म्हणतो. जितका बाजार चढा तितकी ही भेसळ वाढते.

२०१३ चं उदाहरण घ्या. बार्बिये-म्युलर संग्रहाचा पॅरिसमधला लिलाव, या क्षेत्रातलं मोठं नाव. इनाहनं कॅटलॉग तपासून म्हटलं, मेक्सिकोच्या १३० वस्तूंपैकी ५१ पुरातत्त्वीय आणि म्हणून राष्ट्राच्या मालकीच्या, ७९ अलीकडे बनवलेल्या. लिलाव झाला, पण निम्म्याच्या आसपास वस्तू विकल्याच गेल्या नाहीत. २०२१ मध्ये पुन्हा पॅरिसमध्ये कलाविक्रेते प्येर मातीस यांच्या संग्रहातून आलेला तेओतिवाकानचा मुखवटा साडेतीन ते साडेपाच लाख युरोच्या अंदाजानं विक्रीला आला, तेव्हाही मेक्सिकोनं जाहीर हरकत घेतली. जुनं नाव असूनही.

प्राजक्त_रॉटरडॅम

१३० पैकी ७९ हा आकडा बोलका आहे, पण तो एका पक्षाचा आहे, आणि विक्रेत्यांना तो मान्य नव्हता. फोटो पाहून इतक्या वस्तू खोट्या ठरवणं मला पटत नाही. वर सामता यांनीच लिहिलंय की भोकं आणि पाठ पाहिल्याशिवाय बोलू नये.

सामता

तुमचा आक्षेप रास्त आहे. काही वस्तूंत मूर्तिलक्षणांची अशी चूक असते की फोटो पुरतो, काहींत नाही. यावर उपाय लिलावाआधी वस्तू तटस्थ तपासणीला देणं, पण बोलीच्या वेळापत्रकात ते बसत नाही. म्हणून तपासणीचा भार खरेदीदारानं उचलायचा. अहवालाशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

मृदुला_फ्रेमाँट

घरमालकीणबाईंच्या वारसाहक्कातून शेजाऱ्यांकडे दोन मुखवटे आलेत, एक टेकालीचा आणि एक हिरवा, त्यावर लाल पूड दिसते. ते विकायचे नाहीत, नीट ठेवायचे आहेत. कशी काळजी घ्यावी? आणि असाच एखादा भारतात नेता येईल का?

गारगोटी

मृदुलाताई, लाल पूड सिंगरफ असू शकते, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. ओल्मेक आणि माया वस्तूंवर ते सापडतं. नायट्राइलचे हातमोजे घाला, पुसू नका, ब्रश मारू नका, ऊब देऊ नका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते विषारीही आहे आणि पुरावाही.

टेकाली म्हणजे चुन्याचाच दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर, फरशीचं क्लीनर यातलं काहीही लागलं तर झिलई जाते आणि परत येत नाही. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकायची, बस. डोळ्यांत पायराइट उरलं असेल तर खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा. ६० च्या वर पायराइट पिवळट पूड होऊन फुगतं आणि त्यातून निघणारं आम्ल शेजारचा दगड खातं.

प्राचीन भोकांतून तार घालून भिंतीवर टांगू नका. भोकाभोवतीच जुनी चीर असते आणि तीनचार किलो वजन तिथेच येतं. पितळी सळीचा स्टँड करून घ्या: हनुवटीखाली दोन टेकू, वर कपाळाशी एक सैल आकडी, दगडाला टेकणाऱ्या जागी फेल्ट किंवा पॉलिइथिलीन फोम. भार कानांवर कधीच नको.

नोंदवही

आणि शेजाऱ्यांना सांगा, जुने फोटो, विम्याच्या याद्या, पत्रं, कस्टमचे कागद यातलं काही टाकू नका. ज्या डब्यात मुखवटा आला तो डबासुद्धा. वस्तूवर शाईनं लिहिलेला क्रमांक किंवा चिकटवलेलं लेबल काढू नका. वारसा म्हणून मिळाली तरी मालकीचा प्रश्न मिटत नाही, त्यामुळे या विषयातल्या वकिलाला एकदा कागद दाखवावेत. परत द्यायची इच्छा असेल तर मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासामार्फत देता येते, लोक देतातही.

भारतात नेण्याचा विचार करू नये असं मी म्हणेन. आपला १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला लागू होतो आणि त्यातल्या व्याख्येत वस्तू भारतातच घडलेली हवी असं म्हटलेलं नाही. खासगी व्यक्तीला पुरावशेष निर्यात करता येत नाही. म्हणजे आणलेली वस्तू परत बाहेर नेताना अडकू शकते. शिवाय भारतानं १९७७ मध्ये युनेस्कोचा करार मान्य केला आहे. तरीही करायचंच असेल तर आधी पुरातत्त्व खात्याचं लेखी उत्तर घ्या.

वेताळटेकडी

सगळ्यांचे आभार, बोली सोडली. मग भिंतीवर असा चेहरा हवा असेल तर राजमार्ग कोणता?

सामता

प्रतिकृती, उघडपणे प्रतिकृती म्हणून केलेली. तेओतिवाकानच्या शेजारी सान मार्तीन दे लास पिरामिदेस आणि सान फ्रान्सिस्को मासापा इथे दगड आणि ऑब्सिडियनचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. घेताना हे पाहा: दगड कोणता ते कारागिरानं पावतीवर लिहावं, पाठीवर नाव आणि वर्ष कोरून द्यावं (नंतर कोणी ‘प्राचीन’ म्हणून विकू नये म्हणून), आणि डोळ्यांत काच नाही, शिंपला आणि ऑब्सिडियन बसवलेलं असावं. हातानं घासलेल्या आणि यंत्रानं घासलेल्या कामाची किंमत वेगळी असते, तेव्हा स्पष्ट विचारा. माती फासून ‘जुनाट’ केलेला तुकडा घेऊ नका, त्यावर विमानतळावर विनाकारण चौकशी होते. पावती हातातल्या सामानात ठेवा, मुखवट्याच्या पेटीत नको, कारण पेटी उघडण्याआधीच ती दाखवावी लागते.

आणि नजर तयार करायची तर उत्खननात मिळालेल्या वस्तू पाहा. मेक्सिको सिटीतलं राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालय आणि तेम्प्लो मायोरचं संग्रहालय, दोन्हीकडे कपाटाच्या बाजूनं फिरून कड आणि पाठ जेवढी दिसेल तेवढी पाहा. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्सचा आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचा संग्रह ऑनलाइन आहे, मेट्रोपॉलिटनचे बरेच फोटो मुक्त वापराचे आहेत. मोठे करून कानाच्या पाळीतलं भोक, तोंडाचा कोपरा आणि कपाळाची वरची कड या तीनच जागा दहा मुखवट्यांत ओळीनं पाहा. नोंद करताना उत्खननातला आणि बाजारातून आलेला असे दोन रकाने ठेवा आणि पहिला रकाना भरेपर्यंत दुसऱ्यावरून काही ठरवू नका.